लेट्यूसच्या कोवळ्या पानांना काय लावावं, किती आणि कधी

कोशिंबिरीचा हात लेट्यूसला चालत नाही. एवढं पटलं की निम्मं काम झालं. आपण मेथीची पचडी करताना मेथी मीठ लावून चुरतो, कोबी बारीक चिरून दाबतो, काकडी चोचवून तिचं पाणी पिळतो. त्या भाज्यांचा उग्रपणा तसाच जातो, आणि मग दही, कूट, फोडणी त्यांत मुरते. मुरणं हाच तिथे गुण. लेट्यूसच्या कोवळ्या पानात मुरवण्याजोगं काही नसतं. शंभरातले पंचाण्णव भाग नुसतं पाणी, आणि ते पाणी पेशींत ताठ भरलेलं आहे तोवरच ते पान खाण्यात मजा. मीठ लावून अर्धा तास ठेवलंत की ताटात हिरवी चिंधी उरते. म्हणून इथे ड्रेसिंग, म्हणजे पानांना लावायचं तेल-आंबटाचं किंवा साय-दह्याचं मिश्रण, वरवर, पातळ आणि अगदी शेवटच्या मिनिटाला लावायचं.

हे मी जरा अधिकाराने सांगते, कारण माझी सगळी नोकरी बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या होम सायन्समध्ये, फूड्सच्या लॅबमध्ये झाली. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, १९५० साली सुरू झालेली ती फॅकल्टी. आता तिचं नाव बदललंय, पण दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आम्हा जुन्या बायकांच्या तोंडी होम सायन्सच. तिथे मोजायचा चमचा हातात बसला तो बसलाच. आमच्या सासूबाई सगळं अंदाजपंचे करायच्या आणि उत्तम करायच्या. भाजीत तिखट जास्त झालं तर बटाटा घालता येतो. पण पानाला लागलेलं जादा तेल कुठे काढून ठेवणार? म्हणून पुढे चहाचा चमचा म्हटलं की ५ मिली आणि मोठा चमचा म्हटलं की १५ मिली, दोन्ही सपाट भरलेले.

पान कोणतं

बाजारात सगळ्यालाच लेट्यूस म्हणतात, पण आइसबर्गचा गड्डा वेगळा आणि कोवळी पानं वेगळी. आइसबर्ग कुरकुरीत, जाड, अंगात पाणी फार आणि चव थोडी. त्यावर मेयोनीज ओता, काही बिघडत नाही. रोमेनची लांब पानंही दणकट. मी बोलतेय ती बटरहेडच्या मऊ पानांबद्दल, लाल कडेच्या कुरळ्या लोलो रोसोबद्दल, ओकलीफबद्दल आणि बोटभर असताना खुडलेल्या कोणत्याही पानाबद्दल. या पानांवर घट्ट पांढरं काही घातलंत की ती त्याच्या वजनानेच खाली बसतात.

बडोद्यात या पानांचा खरा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. खंडेराव मार्केट परिसरात भाजी घ्यायला गेलं की (१९०६ मध्ये सयाजीरावांनी बांधलेली ती इमारत, तिच्या घुमटांकडे मान वर करून बघायला आता कुणाला वेळ नाही) पालक-मेथीच्या जुड्या ढिगाने असतात, लेट्यूस मात्र शोधावं लागतं. मिळालं तर सकाळी लवकर घ्यावं आणि देठाची चीर पाहावी. पांढरी, ओलसर असेल तर ताजं. तांबूस पडली असेल तर कालचं किंवा परवाचं.

गच्चीत चार कुंड्या असतील तर विकत घेण्याची गरजच नाही. दसरा झाल्यावर, उन्हाचा चटका उतरला की बी टाकायचं. माती तिशीच्या वर तापलेली असेल तर लेट्यूसचं बी रुसून बसतं, उगवतच नाही. म्हणून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि मग पेरते. बाहेरची पानं खुडत राहिलं की आतून नवी येतात. होळीच्या आसपास झाड मधूनच उंच व्हायला लागतं आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. त्या चिकातच कडवटपणा असतो. तशा पानांचं काय करायचं ते पुढे सांगते.

धुणं आणि मुख्य म्हणजे वाळवणं

कच्चं खायचं असल्यामुळे धुण्याचं पाणी प्यायचंच घ्यावं. मोठ्या पातेल्यात पानं बुडवून हाताने हलवायची, दोन मिनिटं थांबायचं म्हणजे माती तळाशी बसते, आणि मग पानं वरून उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर बसलेली माती परत पानांवर येते. पाणी स्वच्छ राहीपर्यंत असं करायचं. पालेभाजी मिठाच्या पाण्यात घालून ठेवायची बऱ्याच घरी सवय असते, ती इथे सोडा; मीठ बाहेर असलं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. उलट पानं बाजारातून येताना मलूल झाली असतील तर ती साध्या गार पाण्यात, बर्फाचे चार खडे टाकून, पंधरा-वीस मिनिटं ठेवावीत. पेशी पाणी पितात आणि पान परत ताठ होतं. पावसाळ्यात मात्र बाजारचं लेट्यूस मी घरात आणतच नाही.

आता वाळवणं. ड्रेसिंग कितीही चांगलं केलंत तरी पान ओलं असेल तर ते धरत नाही, घसरून भांड्याच्या तळाशी जातं आणि शेवटच्या माणसाच्या ताटलीत लिंबू-तेलाचं डबकं येतं. बाजारात पानं गरगर फिरवून कोरडी करायची प्लास्टिकची भांडी मिळतात. माझ्याकडे यांचे जुने सुती पंचे आहेत. पंचा पसरायचा, पानं एका थरात मांडायची, सैल गुंडाळी करून चारही टोकं मुठीत धरायची आणि गच्चीत जाऊन हात गोल फिरवायचा. पाणी चारी बाजूंना उडतं. शेजारच्या काकूंचे पापड वाळत असतील तर दुसऱ्या टोकाला जा. नंतर तीच पुरचुंडी तशीच डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली की पानं दुसऱ्या दिवशीपर्यंत छान राहतात. डबा केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्याजवळ नको. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने लेट्यूसच्या शिरांवर तपकिरी ठिपके पडतात.

पानं सुरीने कापावीत की हाताने तोडावीत यावर लोक वाद घालतात. लगेच खायची असतील तर काही फरक पडत नाही. मी हाताने तोडते, कारण बटरहेडचं पान सुरीखाली चेपलं जातं.

तेल हा खरा शत्रू

बहुतेकांना वाटतं लिंबाने पान मरतं. घरीच करून बघा: तीन सारखी पानं घ्या, एकावर पाणी शिंपडा, दुसऱ्यावर व्हिनेगर, तिसऱ्यावर तेल, आणि अर्ध्या तासाने बघा. तेलाचं पान काळपट, अर्धपारदर्शक होऊन पडलेलं असतं. कारण सोपं आहे. पानाच्या अंगावर मेणाचा सूक्ष्म थर असतो. पाणी आणि आंबट रस त्यावर थेंब होऊन बसतात, घसरतात. तेलाचं आणि मेणाचं मात्र जमतं. ते पसरतं, आत झिरपतं आणि पेशींच्या मधली हवा हुसकून तिची जागा घेतं.

म्हणजे तेल नकोच का? तसं नाही, तेलाशिवाय पानाला चव धरत नाही आणि नुसतं लिंबू बोचतं. युक्ती अशी की तेल सुटं राहू द्यायचं नाही. त्याचे बारीक थेंब करून ते आंबट रसात अडकवायचे, म्हणजे प्रत्येक थेंबाभोवती पाण्याचं कवच राहतं आणि तेल पानाला उशिरा भिडतं. हे थेंब परत एकत्र येऊ नयेत म्हणून मध्ये कोणीतरी लागतं. ते काम मोहरी करते. अंड्याचा बलक करतो, दही आणि साय आपापल्या परीने करतात. मधाने मिश्रण दाट होतं, त्यामुळे तेही थोडा हात लावतं.

मोहरीचं ड्रेसिंग म्हटलं की लोक दुकानात पिवळ्या बाटल्या शोधतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मोहरी फेसून रायत्यात घालतात, त्याचा कुणालाच आठव होत नाही. एक मोठा चमचा मोहरी मिक्सरच्या छोट्या भांड्यात पूड करायची, दोन मोठे चमचे गार पाणी घालून चमच्याने फेसायची आणि दहा मिनिटं झाकून ठेवायची. कोरड्या पुडीला काही झणका नसतो. पाणी मिळालं की आतलं एन्झाइम जागं होतं आणि मग नाकात जाणारा तो तिखटपणा तयार होतो. गरम पाणी घातलंत तर एन्झाइम मरतं आणि मोहरी नुसती कडू लागते. दहा मिनिटांनी एक चहाचा चमचा लिंबाचा रस घालायचा, म्हणजे झणका तिथेच थांबतो आणि टिकतो. ही फेसलेली मोहरी काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहते.

इथे आमच्या गुजरातेत लोणच्यासाठी रायना कुरिया मिळतात, म्हणजे सोललेली मोहरीची डाळ. चवीला त्या सौम्य आणि दिसायला सुंदर. पण तेल धरून ठेवणारा बुळबुळीत चिकटपणा मोहरीच्या सालात जास्त असतो, म्हणून ड्रेसिंगला मी सालासकट मोहरीच घेते आणि काळे कण दिसले तर दिसू देते.

रोजचं ड्रेसिंग

हे एक आलं की बाकीची त्यावरून जमतात. चार माणसांना दोन वेळा पुरेल एवढं होतं.

दोन चहाचे चमचे लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा मध किंवा साखर, अर्धा चमचा फेसलेली मोहरी आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. म्हणजे आंबट एक भाग आणि तेल तीन भाग. मीठ, साखर, मोहरी आधी लिंबाच्या रसात विरघळवायची. तेल घातल्यावर मीठ टाकलंत तर ते विरघळत नाही, कारण मिठाला पाणी लागतं; मग एका पानाला खारट कण आणि दुसरं अळणी. सगळं झाकणाच्या काचेच्या बाटलीत घालून, बाटली अर्ध्याहून रिकामी ठेवून, अर्धा मिनिट जोरात हलवायची. दुधट पिवळा रंग आला आणि बाटलीच्या कडेवरून सावकाश ओघळलं की झालं.

लिंबू मध्यम असलं तर त्यातून साधारण तीन चहाचे चमचे रस निघतो. पिळण्याआधी ते ओट्यावर तळहाताखाली लोळवून घ्यावं. बिया येऊ देऊ नका. मिश्रणात राहिल्या तर कडू उतरतात.

तेलाबद्दल माझी मतं ठाम आहेत. बडोद्यात सींगतेल म्हणजे घरचंच. घाणीचं, गाळलेलं, शेंगदाण्याचा वास येणारं घ्यावं. रिफाइंड तेलाला ना वास ना चव, आणि ड्रेसिंगमध्ये तेल कच्चंच खायचं असल्यामुळे लगेच कळतं. ऑलिव्ह तेलाला माझा विरोध नाही. मुलगा आणतो, मी वापरते. फक्त एक्स्ट्रा व्हर्जिन असेल तर मिक्सरमध्ये फिरवू नका, कडवट होतं, हाताने हलवा. मोहरीचं तेल या कोवळ्या पानांना फार दांडगं पडतं. तिळाचं तेल चालतं, पण निम्मंच आणि बाकी सींगतेल.

लिंबाऐवजी व्हिनेगर घ्यायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. लिंबाचा रस पाच-सहा टक्के आम्लाचा असतो, आणि आपल्याकडचं बाटलीतलं पांढरं व्हिनेगर चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून व्हिनेगर किंचित जास्त लागतं. तरी सिंथेटिक पांढऱ्या व्हिनेगरचा वास मला लोणच्याच्या कारखान्याची आठवण करून देतो, मी कोवळ्या पानांना ते लावत नाही. सफरचंदाचं असेल तर लावा. कोकमाचं आगळ घरात असतं ना? ते एक चमचा लिंबाच्या जागी घालून बघा. लाल लोलो रोसोला रंगही शोभतो. आगळात मीठ असतंच, तेव्हा वेगळं घालू नका. चिंच मात्र नको. पानं मळकी दिसतात.

सूनबाई गुजराती. बाटली हलवताना दिसली की तिचा ठरलेला प्रश्न, "मम्मी, जरा साखर जास्त घालू ने?" आधी मी नाही म्हणायची. आता म्हणते घाल, पण अर्ध्या चमच्याच्या वर नको. आणि तिचं म्हणणं एका बाबतीत खरंच आहे. होळीच्या सुमाराची कडसर झालेली पानं असली तर तिथे साखर वाढवावी आणि मीठही किंचित वाढवावं. मिठाने कडूपणा जिभेला कमी लागतो. नुसत्या साखरेने तेवढं साधत नाही. तेव्हा बाजारात कैरीही आलेली असते. कैरी किसून मुठीत पिळायची आणि तो रस लिंबाच्या जागी घ्यायचा. कैरीच्या वासापुढे पानांचा कडूपणा मागे हटतो.

सायीचं, दह्याचं, आणि अंड्याचं

बटरहेडला माझ्या मते सायीच्या ड्रेसिंगला तोड नाही, आणि करायला ते सगळ्यांत सोपं. तेल नाही, मोहरी नाही. फ्रान्समधल्या घरगुती स्वयंपाकात हे जुनं आहे. लॅबमध्ये आम्ही ते पुस्तकातून केलं होतं आणि मग घरी आणलं. चार मोठे चमचे ताजी साय किंवा फ्रेश क्रीम, चिमूटभर मीठ, मिरपूड. चमच्याने सारखं करून त्यात दोन चहाचे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घालत ढवळायचं. पाच मिनिटांत आंबटामुळे ते आपोआप दाटतं. फार दाटलं तर चमचाभर दूध. वर पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात, अगदी बारीक कापून. साय त्याच दिवसाची हवी. तुपासाठी आठवडाभर डब्यात साठवलेली साय इथे आणू नका, तिचा वास लपत नाही.

दह्याचं ड्रेसिंग मी डिसेंबर-जानेवारीत करते, कारण तेव्हा लीलुं लसण मिळतं. ओला लसूण, पातीसकट. उंधियूसाठी सगळं बडोदं ते विकत घेतं, उत्तरायणच्या आठवड्यात तर ढीग लागलेले असतात. कोरड्या लसणाची पाकळी कच्ची घातली की ती लेट्यूसच्या बिचाऱ्या चवीवर चढून बसते. ओल्या लसणाची पात तेवढी दांडगाई करत नाही. अर्धी वाटी घट्ट गोड दही रवीने नाही, चमच्याने सारखं करायचं, कारण रवीने घुसळलं की पातळ होतं. त्यात एक मोठा चमचा सींगतेल, दोन मोठे चमचे बारीक चिरलेली लसणाची पात, चिमूट साखर, आणि लागेल तसं चमचा-दोन चमचे पाणी. चमच्यावरून धार सुटली पाहिजे, गोळा पडता कामा नये. मीठ वाढायच्या वेळी. आधी घातलं तर दही पाणी सोडतं. भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायचा मोह होतो, पण मग ते रायतं होतं आणि लेट्यूस कशाला आणलं असा प्रश्न पडतो.

अंड्याचं आमच्या घरी सूनबाई घरी नसताना होतं. तिला वासही नको वाटतो आणि मला तिच्या पातेल्यात अंडं उकडायचं नसतं; त्यासाठी वेगळं छोटं भांडं आहे, वरच्या फळीवर. मेयोनीज मी करत नाही. कच्चं अंडं आपल्या हवेत जोखमीचं, शिवाय ते या पानांना जड. त्याऐवजी दोन अंडी दहा मिनिटं उकडून, गार करून, बलक चाळणीतून दाबून घ्यायचे. त्यात एक चहाचा चमचा फेसलेली मोहरी, एक मोठा चमचा लिंबाचा रस, मीठ, चिमूट साखर घालून लगदा करायचा, मग दोन मोठे चमचे तेल धारेने घालत घोटायचं आणि शेवटी तीन मोठे चमचे क्रीम किंवा दूध. पांढरा भाग बारीक चिरून पानांवर पसरायचा. मुलाला आणि यांना हे इतकं आवडतं की पोळीलाही लावून खातात.

दाण्याच्या कुटाचं ड्रेसिंग करू का, असं बरेच विचारतात. करा, पण रोमेनला किंवा कोबीला. वाटलेले दाणे मऊ पानाला चिखल लावल्यासारखे बसतात. कोवळ्या पानांवर दाणे हवेच असतील तर भाजून, जाडसर कुटून, ड्रेसिंग झाल्यावर वरून घाला.

आणि फोडणी! मराठी घरात हा प्रश्न येणारच. गरम फोडणी ओतली की पान तत्काळ शिजतं. पण फोडणीची चव हवी असेल तर दोन मोठे चमचे तेलात मोहरी तडतडवून, हिंग आणि एक सुकी मिरची टाकून, कढलं पूर्ण थंड होऊ द्यायचं. मग हेच तेल रोजच्या ड्रेसिंगमधल्या तेलाच्या जागी घ्यायचं. हळद नको, पानं पिवळी पडतात. फोडणीतल्या मोहरीत तेल धरायची ताकद उरलेली नसते, म्हणून फेसलेली मोहरी वेगळी घालायचीच.

लावायचं कसं

शंभर ग्रॅम पानांना, म्हणजे चार माणसांच्या वाट्याला, चार चहाचे चमचे ड्रेसिंग पुरतं. दह्याचं किंवा सायीचं असेल तर सहा. कमी वाटतं, पण घालून बघा. आधी चव घ्यायची ती चमच्याने नाही. चमच्यावर ड्रेसिंग नेहमी आंबट आणि खारट लागतं. एक पान बुडवून, झटकून खायचं. तेव्हा बरोबर लागलं तरच बरोबर.

भांडं पसरट आणि मोठं हवं, पानांच्या तिप्पट. स्टीलची परात उत्तम. पितळेची बिनकल्हईची नको, आंबट लागलं की कळकतं. ड्रेसिंग पानांच्या डोक्यावर ओतायचं नाही, परातीच्या कडेने फिरवायचं. मग स्वच्छ कोरडे हात कडेने खाली घालून पानं वर उचलायची आणि सोडायची, उचलायची आणि सोडायची. दाबायचं नाही, मळायचं नाही. आठ-दहा वेळा झालं की प्रत्येक पान नुसतं चकाकतं आणि तळाशी थेंबही उरत नाही. उरला तर पुढच्या वेळी चमचा कमी.

काकडी, टोमॅटो घालायचे असतील तर त्यांना वेगळ्या वाटीत मीठ आणि थोडं ड्रेसिंग लावून ठेवा आणि पानं वाढताना त्यांच्यावर मांडा. पानांबरोबर एकत्र कालवलंत तर त्यांचं पाणी पानांवर येतं. ब्रेडचे तळलेले तुकडे घालतात त्या जागी मी जिऱ्याचा खाखरा हाताने चुरून घालते. कुरकुरीत आणि घरात नेहमी असतोच. बारीक शेवही चांगली, पण ती लगेच मऊ पडते.

आणि वेळ. सगळे बसले, वरण-भात वाढून झाला की मग परात पुढे ओढायची. आमचे व्याही जेवायला येतात तेव्हा आठ सांगितलं की साडेनऊ. तोवर पानं पंच्यात, बाटली ओट्यावर. काहीही बिघडत नाही. आठ वाजता कालवून ठेवलं असतं तर साडेनऊला त्यांना माझ्या सॅलडबद्दल काय वाटलं असतं ते सांगायला नको.

उरलं तर

रोजचं ड्रेसिंग फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. सींगतेल गारठ्यात ढगाळ होतं, कधी थिजतंही; घाबरू नका, वीस मिनिटं बाहेर ठेवून परत हलवा. सायीचं आणि दह्याचं दुसऱ्या दिवशी संपवावं, अंड्याचंही तसंच. लसूण तेलात बुडवून बाहेर, ओट्यावर कधीच ठेवू नये. तेलाखाली हवा लागत नाही आणि तिथे बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, ज्याचा ना वास येतो ना रंग बदलतो. लसूण त्या त्या दिवशीच घालावा.

कालवलेली पानं उरली तर ती ठेवून उपयोग नाही, सकाळी कुणी बघणारही नाही त्यांच्याकडे. मी रात्रीच त्यांना चिरून कणीक, बेसन आणि थोड्या ज्वारीच्या पिठात घालते, हिरवी मिरची, ओवा, तीळ टाकते आणि गोळा फ्रिजमध्ये ठेवते. ड्रेसिंगमधलं मीठ, आंबट, तेल आधीच आलेलं असतं, म्हणून मीठ चाखूनच वाढवायचं आणि मोहन घालायचं नाही. सकाळी त्याची थालीपिठं होतात. सूनबाईची पाळी असली तर मुठिया.